‘नाना, आमचं एक गाणं बसवाल का?’

लोकांच्या घरी लग्नाचे अल्बम असतात, आमच्याकडे लग्नातल्या फर्माईशी आहेत. अल्बम निदान कपाटात टाकता येतो. फर्माईशी कुठे टाकणार? त्या आपल्या साचत जातात आणि चार टाळकी चहाला जमली की आपोआप बाहेर पडतात.

आमची बेंजो पार्टी रत्नागिरीची. बेंजोवर नाना. त्यांची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे लग्नातसुद्धा त्यांच्या भुवया जरा पांढऱ्याच असतात. ढोलावर दाभोळचा इक्बाल. कीबोर्डवर मी. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, म्हणून पार्टीचा फोनही माझ्याच गळ्यात.

डीजे आल्यापासून लोक बोलायला लागले, की बेंजोवाल्यांना ठरलेली दहा गाणी येतात आणि तीच ते फिरवून फिरवून वाजवतात. नानांना हे फार लागलं. गिरणी बंद करून त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि जाहीर केलं, "आजपासून एकही फर्माईश परत जाता नये. सांगतील ते बसवीन. ज्या दिवशी जमणार नाय, त्या दिवशी बेंजो माळ्यावर."

नानांना नोटेशन वगैरे काही येत नाही. गाणं कानातून आत जातं आणि बोटांतून बाहेर येतं. प्रश्न एवढाच, की लोक त्यांच्या कानात काय घालतील याचा नेम नाही.

*

घोषणेनंतरचा पहिला फोन केळशीहून. नवऱ्याचे काका. म्हणाले, "ते गाणं पाहिजे आमाला."

"कुठलं?"

"ते हो, ज्यात ती हिरवी साडी नेसून माडांतून पळते."

"शब्द आठवतात काही?"

"शब्द नाय. पण पळते मस्त."

मी फोन स्पीकरवर टाकला. नाना शांतपणे ऐकत होते. काका सांगत होते, हिरो मागे असतो, त्याचा शर्ट पांढरा, मग ती एका होडीत चढते, होडीवर निळा रंग. शेवटी नाना फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "काका, माझ्या बेंजोला साडी दिसत नाय हो. चाल गुणगुणा."

काकांनी गुणगुणलं. नानांनी पटकन ओळखलं, बसवलं, वाजवलं. वरात संपल्यावर काका खूश होऊन आले आणि म्हणाले, "हे ते नव्हतं. पण हेपण चांगलं आहे."

नानांनी ती फर्माईश पूर्ण झाली असं धरलं. आम्ही वाद घातला नाही.

*

दुसरं इक्बालच्या गावचं, दाभोळचं. त्याच्या ओळखीतलं लग्न. नवऱ्याचे मामू बरीच वर्षं आखातात नोकरीला. त्यांनी तिकडून क्लिप पाठवली. "इकडचं फेमस गाणं आहे, वरातीत हेच पाहिजे, माझे इकडचे दोस्तपण येणार आहेत."

चाल अरबी. नानांच्या कानाला ती नवी. आठवडाभर गिरणीत दळण कमी आणि अरबस्तान जास्त. सुरुवातीचा एक छोटा तुकडा तर इतका अवघड होता, की नाना जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर बोटं नाचवायचे. पण बसवला. अगदी शेवटच्या घुंगराच्या आवाजासकट.

वरात निघाली. नानांनी तो तुकडा घेतला मात्र, मामूंचे दोस्त एकमेकांकडे बघून हसायला लागले. एक जण तर हसता हसता खालीच बसला. नानांचा चेहरा पडला. इक्बाल ढोल सोडून मामूंकडे धावला. "काय झालं मामू? चुकलं काय?"

मामू डोळे पुसत म्हणाले, "चुकलं काय पण नाय रे. गाणं नंतर सुरू होतं. ही त्याच्या आधीची खाद्यतेलाची जाहिरात आहे."

नाना बेंजो आवरायच्याच बेतात होते. तेवढ्यात मामू पुढे आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, गाणं राहू दे. जाहिरात परत वाजवा."

त्या वरातीत जाहिरातच वाजली. लोक घामाघूम होईस्तोवर नाचले.

*

आता हे नाना समोर असले की कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. नवरा मुंबईत कंपनीत. लग्न मात्र गावी. त्याच्या आत्याचा फोन मी दुकानात नसताना आला आणि तो नानांनी घेतला. संध्याकाळी त्यांनी आम्हाला निरोप सांगितला, "गाणं आपलं नेहमीचंच आहे. पण नवरा येताना स्लो वरजन पाहिजे बोलतात."

"व्हर्जन" हे माझ्या लगेच लक्षात आलं असतं. पण त्या दिवशी मला ताप होता आणि मी नुसतं हं हं केलं. इक्बालने विचारलं, "वरजन म्हणजे?"

नाना म्हणाले, "सोपं आहे. वर आणि जन. वर पण स्लो चालणार, जनपण स्लो चालणार. ठेका तसा पाहिजे."

देवळापासून मांडव हाकेच्या अंतरावर. नानांनी ठेका असा लावला, की लोकांचं एक पाऊल उचललं की दुसरं उचलायची वाट बघत उभं राहायचं. जरा कोणी भराभर चालला, की नाना बेंजोवरून मान वर करून ओरडायचे, "जन, स्लो!"

मांडवातून भटजींचा फोन. मुहूर्त जवळ आला, नवरा कुठपर्यंत आलाय? नवऱ्याच्या भावाने उत्तर दिलं, "दिसतोय. पण पोचत नाही."

शेवटी नवरीचे मामा धावत आले आणि नवऱ्याला अक्षरशः दंडाला धरून मांडवात घेऊन गेले. वर गेला. जन मात्र बराच वेळ तिथेच होते, कारण नाना थांबलेच नव्हते.

*

संगमेश्वराकडच्या एका गावात, नवरीच्या माहेरी, लग्न. नवऱ्याने स्वतः येऊन सांगितलं, लाजत लाजत. नवरी सारखी गुणगुणते ते एक सिनेमातलं गाणं. अगदी गोड, प्रेमाचं. नवरी मांडवात आली की हळूच वाजवायचं, तिला सरप्राइज.

नानांनी इतकं छान बसवलं, की मला कीबोर्डवर फार काही करावंच लागलं नाही. नवरी आली. नानांनी पहिली ओळ घेतली. नवरा तिच्याकडे बघून गोड हसला.

आणि मागून टाळ वाजला.

आम्हाला ठाऊक नव्हतं, की त्या गावच्या भजनी बुवांनी याच चालीवर गणपतीचा गजर बसवलेला आहे आणि गावाने ते सिनेमातलं गाणं कधी ऐकलेलंच नाही. गावाच्या लेखी ही चाल बाप्पाची. बघता बघता म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या, बायकांनी पदर घेतले, बुवांनी वरचा सूर लावला. खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले. कोणीतरी आतून निरांजन पेटवून आणलं.

नवरा हताश होऊन नवरीकडे बघत होता. नवरीने त्याच्याकडे बघितलं आणि भक्तिभावाने हात जोडले.

*

आणि आता देवरूखची मीनल.

मीनलचे वडील विलासभाऊ. देवरूखला रिक्षा चालवतात. मीनल शाळेत असताना ते तिला रोज रिक्षातून सोडायचे आणि वाटेत एकच गाणं म्हणायचे. विलासभाऊंचा आवाज मोठा, पण सुराशी त्यांचं कधी जमलं नाही. स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना गाऊ देत नाहीत.

मीनलचा फोन आला. म्हणाली, "दादा, पाठवणीला बाबांचं गाणं पाहिजे. ताईच्या लग्नात बाबा मांडवामागे आचाऱ्याकडे जाऊन बसले, ते गाडी गेल्यावरच बाहेर आले. ताई त्यांना न भेटता गेली. मला तसं नाही जायचं. ते गाणं ऐकलं तर कदाचित बाहेर येतील."

तिने वडिलांच्या नकळत त्यांचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. आम्ही तिघांनी ते ऐकलं. इक्बाल म्हणाला, "हे गाणं आहे?" पण शब्दांवरून मला मूळ गाणं सापडलं. नानांनी सुरेख बसवलं. मी मीनलला पाठवलं.

तिचं उत्तर आलं, "हे नाही."

मी फोन केला. "अगं, हेच आहे. मूळ चाल हीच आहे."

"असेल दादा. पण बाबांचं हे नाही. हे वाजलं तर त्यांना कळणारसुद्धा नाही, की त्यांचंच गाणं आहे."

फोन स्पीकरवरच होता. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे बेसूर वाजवायचं?"

"हो."

"आयुष्यभर सूर लावला रे मी. आता तो काढू कसा?"

पण फर्माईश परत पाठवायची नाही म्हणजे नाही. नाना बसले. दोन ओळी नीट चुकायच्या आणि तिसरीला बोट आपोआप बरोबर बटणावर जायचं. नाना चिडून स्वतःच्याच बोटावर चापट मारायचे. एक सूर तर सापडेचना. शेवटी म्हणाले, "हा विलासभाऊंचा सूर दोन बटणांच्या मधे आहे. तिथे माझ्याकडे बटण नाय." मग खुंटी पिळून एक तार सैल केली. दळण घ्यायला आलेली बाई दारातून म्हणाली, "नाना, गिरणीचा पट्टा घासतोय वाटतं."

नाना खूश. "आता जवळ आलो," म्हणाले.

पाठवणीची वेळ झाली. मीनल सगळ्यांच्या पाया पडली. विलासभाऊ कुठेच नव्हते. ती गाडीत बसली, पण दार लावू देईना. तिने आमच्याकडे बघितलं. नानांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

काय सांगू तुम्हाला! मांडवातला आवाज एकदम बंद झाला. नवऱ्याकडचे एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "वाजवणाऱ्यांना जेवायला वाढलं नाही काय?" एका बाईने नानांसाठी पाणी आणलं. शेजारच्या मांडवातला डीजेवाला मोबाइल काढून शूटिंग करायला लागला. नानांच्या कपाळावर घाम आला होता, कान लाल झाले होते, पण त्यांनी एकही सूर बरोबर लागू दिला नाही. मी आणि इक्बाल मांडवामागच्या, आचाऱ्याकडे जाणाऱ्या पडद्याकडे बघत होतो. पडदा हलला नाही. मीनल सारखे डोळे पुसत होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

आणि शेवटच्या ओळीला नानांच्या बोटांनी दगा दिला. ओळ सुरात गेली. अख्खी ओळ, स्वच्छ. नानांनी जीभ चावली.

पडदा बाजूला झाला. विलासभाऊ आले. हातात आचाऱ्याचा झारा, डोळे लालबुंद. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. सरळ नानांसमोर येऊन उभे राहिले.

"नाना, बाकी सगळं बरोबर वाजवलंत," ते म्हणाले. "शेवटची ओळ चुकलात."

नाना म्हणाले, "मग कशी आहे ती?"

विलासभाऊंनी घसा साफ केला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर, झारा हातात धरून, ओळ म्हणायला सुरुवात केली. मीनल गाडीतून उतरली, त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तीही गायला लागली. अगदी त्याच सुरात.