वायसर

दुसऱ्याची पॅन्ट ओली झालेली पाहून तुम्ही कधी हसलात का? लगेच नकारार्थी मान हलवू नका, आठवून सांगा.

कोपऱ्यावरची लाँड्रीवाली हसली होती. बाई कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. कोण कुठे जेवलं, कोणाचं कोणाशी वाजलं, हे तिला कॉलरवरून कळायचं. समोरच्या दुकानात घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून बसत. त्यांची आठवड्याला एक पॅन्ट धुवायला यायची. मग तीन यायला लागल्या, त्याही कागदात गुंडाळून. एका सकाळी चार गिऱ्हाइकांसमोर तिने ते पुडकं उघडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अहो काका, नळाचा वायसर गेला की काय?"

हशा पिकला. काकाही हसले, आणि तेच तिला नंतर छळत राहिलं. गल्लीने त्यांना वायसरकाका करून टाकलं. पंधरा दिवसांत घड्याळाच्या दुकानाचं शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. काका दुकानावरच्या खोलीत कोंडून बसले. गिऱ्हाइकं शटर वाजवून परत जायची. "तब्येत बरी नसेल," ती म्हणायची आणि इस्त्री जरा जास्तच जोरात दाबायची.

सहा महिन्यांनी ओल्या चादरींची बादली उचलताना तिला शिंक आली, आणि व्हायचं ते झालं. पुढे खोकताना, हसताना, रोजच. तिने कोणाला सांगितलं नाही. पाणीच तोडलं. दिवसाला दोन पेले, बस. मग लघवीला आग व्हायला लागली आणि दर अर्ध्या तासाला धावपळ.

धाकट्या जावेच्या नजरेतून ते सुटलं नाही. "चला दवाखान्यात, जाऊबाई. आता कसली लाज? गल्लीत वायसरचं खातं तुम्हीच उघडलंत ना!"

ते वर्मी लागलं. ती गुपचूप गेली.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, गोळ्या दिल्या आणि झापलं. "पाणी तोडलंत ही पहिली चूक. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला झोंबते, घाई आणखी वाढते. पाणी नीट प्या, चहा कमी करा. वारा अडवताना आपण खालचे स्नायू आवळतो ना, तेच आवळून पाच आकडे मोजा, मग तेवढाच वेळ सैल सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने तरी चिकाटी ठेवा."

"आणि पुरुषांना होतं ते?"

"कधी प्रोस्टेट वाढलेलं असतं, कधी साखर. तपासल्याशिवाय कळत नाही. पण बहुतेकांना उपायाने फरक पडतो. घरात कोणाला आहे का?"

"घरात नाही," ती म्हणाली. "पण मीच एकाला घरात कोंडलंय."

तिला स्वतःचीच चीड आली. साधा दवाखान्याचा रस्ता, तो दाखवायचा सोडून आपण त्या माणसाचं बारसं केलं!

तशीच ती काकांचा जिना चढली. दार बंदच.

"काका, मी लाँड्रीवाली."

"कपडे नाहीत माझे."

"मलाही होतंय, काका. शिंकले की होतं."

आतून आवाज आला, "हळू बोला. खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे. तुमचं भर दुकानात ओरडले, मग माझं कशाला दाबून ठेवू? चुकले मी. तुमच्या दारात उभं राहायचीही लायकी नाही माझी. पण मंगळवारी दवाखान्यात चला. मी बाहेर बाकावर बसेन."

"वाटेत झालं तर?"

"पुरुषांसाठीही पॅड मिळतात, मी आणून देते. दवाखान्यात दारालगतच संडास आहे, बघून आलेय."

"आणि लोक?"

एकदा सोडलेला शब्द तिला गल्लीभरातून वेचून आणता येणार नव्हता. ती दाराला टेकून उभी राहिली. आतून प्रश्न आला.

"किती वाजता?"

"दहाला."

दार उघडलं नाही. माफ केलं असंही काका म्हणाले नाहीत, आणि तिने ते मागितलंही नाही.

मंगळवारी दहा वाजता ही दोघं तुमच्या दारावरून दवाखान्यात जातील. काका मध्येच थांबले, इकडेतिकडे बघायला लागले, तर काही विचारू नका. तुमच्या संडासाची किल्ली तेवढी पुढे करा.