चिंध्यांचा नकाशा

आमच्या मिस्त्रींना कागदाचं वावडं होतं. बिघडलेलं कुठलंही यंत्र समोर ठेवा, ते तहानभूक विसरायचे. पण जोडलेल्या तारांचं चित्र काढून द्या म्हटलं, की शांतपणे विडी पेटवायचे. त्यांच्या या हट्टापायी आमचं एक चांगलं इंजिन गेलं.

दवनीवाड्याकडे वैनगंगेच्या घाटावर वडिलांची होडी चालायची. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी ट्रक भंगारात निघाले, त्यातलं इंजिन मिस्त्रींनी होडीत बसवलं. बॅटरी, स्टार्टर, दिवा, भोंगा, पाणी उपसायचा पंप, सगळं त्यांनीच जोडलं, तेही सगळीकडे एकसारख्या काळ्या तारा वापरून. नदी फुगली की बांबूने होडी लोटणं शक्य नसे, इंजिन हवंच. म्हणून मी तारांच्या नकाशासाठी हात धुऊन त्यांच्या मागे लागलो होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं, “नकशा कायले पायजे, बाबू? मी का मरून राहिलो?”

नकाशाच्या जागी त्यांच्याकडे चिंध्या होत्या. बायकोच्या जुन्या लुगड्यांच्या. लाल चिंधी दिव्याच्या तारेला, हिरवी पंपाच्या, आणि पिवळी कशाला ते त्यांनाच ठाऊक. दसऱ्याला इंजिनाची पूजा असायची. एका वर्षी आईने आदल्या दिवशी ती तेलकट लक्तरं फेकून दिली, तारा उपसून पुसल्या, भाजीसारखी जुडी बांधून ठेवली आणि इंजिनाला झेंडूची माळ घातली. मिस्त्री आले, त्यांनी ती जुडी बघितली. आईवरचा राग माझ्यावर निघाला. दिवसभर खपून त्यांनी सगळं पुन्हा जोडलं, या खेपेला चिंध्यांशिवाय. म्हणाले, “आता फेका काय फेकता ते. सप्पा डोस्क्यात हाये.” सगळं डोक्यात! मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या पावसाळ्यात मिस्त्रींना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मागोमाग इंजिन बंद पडलं. गोंदियाहून मेकॅनिक आणला, तर त्याने एक तार ओढली आणि भोंगा वाजू लागला. “किसने किया ये जंजाल?” म्हणत तो परत गेला. इकडे धानाची रोपं पिवळी पडत होती आणि ती लावणारी रोवणीची माणसं पलीकडच्या काठावर अडकून होती. गाव येताजाता वडिलांना बोल लावत होतं.

मी तणतणत कागद-पेन्सिल घेऊन मिस्त्रींच्या खाटेशी गेलो. या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही. डाव्या हातात पेन्सिल धरून बॅटरी काढली. तिथून स्टार्टरकडे रेघ नेली, अगदी बरोबर. दुसरी रेघ थरथरत निघाली, ती कागदाची कड ओलांडून गोधडीवर उतरली. मिस्त्रींना ते कळलंच नाही, ते तिथेही तारा जोडत राहिले. त्या माणसाचा मला इतका राग आला होता, की डोळे भरून आले. त्यांची पेन्सिल जाईल तिथे मी कागद सरकवत राहिलो.