मावशींचं हट्टी रक्त

प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणजे मोठं प्रस्थ. बाटली ओल्या हातानं उचलली तर भल्याभल्यांची धडगत नसे. तिथं मलेरियाचे जंतू वाढवायला माणसाचं ताजं रक्त लागे आणि ते कर्मचारीच आळीपाळीनं देत. यंदा मावशींनी हौसेनं हात पुढे केला, आणि जंतूंनी माना टाकल्या.

जंतू वाढवणाऱ्या डॉक्टरबाईंना वाटलं, बाटल्यांत साबण राहिला असेल. तीस वर्षांत असा बट्टा लागला नव्हता! मावशींना ते फार झोंबलं. त्यांनी एकूण एक बाटली पुन्हा घासली, तरी तेच. शेवटी डॉक्टरबाईंनी रक्त बदललं, तर काय, जंतू तरारले. म्हणजे खोट रक्तातच.

तुम्हाला कधी मलेरियाचा ताप आला होता का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. तेव्हा मावशींनी आजवर कुणापाशी न काढलेला विषय काढला. लहानपणी सगळं घर तापानं फणफणलं, पाठचा भाऊ तीन दिवसांत गेला, आणि या मात्र ठणठणीत. तूच कशी गं वाचलीस, असं आई मरेपर्यंत नजरेनं विचारायची. आपण भावाच्या वाटणीचं जगतोय, हे मावशींच्या मनातून कधी गेलंच नाही.

डॉक्टरबाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसवलं. एक इवलासा जंतू मावशींच्या तांबड्या पेशीला चिकटला. त्याच्या अंगावरची प्रथिनं पेशीच्या अंगावरची प्रथिनं चाचपतात, धरायला जागा शोधतात, असं बाई सांगत होत्या. जंतू वळला, त्यानं टोक टेकवून रेटा दिला. पेशी काही दबेना, तिचं आवरणच ताठ. काही मिनिटांत बेटा दमून निकामी झाला. इतकी वर्षं हे आपल्या अंगात, आणि आपल्याला पत्ता नाही! मावशी पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या.

"म्हणजे मी काही केलं नव्हतं?"

"काहीच नाही, मावशी. हे जन्मतःच मिळालंय तुम्हाला."

मावशींनी पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "आता दुसऱ्या कुणाचं रक्त दाखवा."

बाईंनी काच बदलली. जंतू टेकला, वळला. पेशी थरथरली, खोलगट झाली, आणि तो आत. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ. त्याच्यामागे पेशी मिटली, साधं भोकसुद्धा राहिलं नाही.

"इतकं सोपं?" मावशी म्हणाल्या. आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, स्वतःला बोल न लावता, त्या नुसत्या त्याच्यासाठी रडल्या.