कोऱ्या पडद्यासमोरचा माणूस

आई गेली त्या वर्षी, २००२च्या दिवाळीनंतर, मी बाबांना अमेरिकेत, चँडलरला घेऊन आलो. धाकटा भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होता, नागपूरच्या घरात ते एकटे राहिले असते आणि मला ते बघवलं नसतं. बाबा हवाई दलातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी रडारवर काढलेली. पहाटे उठायचे, पलंग स्वतः आवरायचे आणि मागच्या अंगणात फेऱ्या मारायचे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीशी ते मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं छान चाले.

मी तेव्हा विमानांवर चढवायचे लेप बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. सिटिझनशिप मिळाल्यावरच तिथे घेतलं होतं. आमच्या ग्रुपकडे रडारला न दिसणाऱ्या स्टेल्थ बॉम्बरच्या कातडीचं काम होतं. या विमानाचे तुकडे जिथे एकमेकांना जोडले जातात, तिथे फटी राहतात. त्या फटींत भरायचा, रडारचे तरंग शोषून घेणारा मसाला आम्ही करायचो. एक पट्टी सुटली, एक स्क्रू जरासा वर आला, तरी विमान रडारवर दिसू शकतं. तळहाताएवढे नमुने उन्हात, दमटपणात, थंडीत ठेवून तडे मोजण्यात माझी सहा वर्षं गेली होती. घरी मी ‘पेंटचं काम’ एवढंच सांगे. नियमच तसे होते, आणि खरं सांगायचं तर ते सोयीचंही होतं.

फेब्रुवारीत जवळच्या हवाई तळावर एअर शो होता. बाबांना आवडेल म्हणून मी त्यांना आणि मुलीला घेऊन गेलो. दुपारी लाउडस्पीकरवर बॉम्बर येत असल्याचं सांगितलं. डोंगरांच्या बाजूने येताना तो नुसत्या रेघेएवढा दिसत होता. मग एकदम डोक्यावर आला, काळा, पसरट, आणि आवाज त्याच्या मागून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला होता, ते मी नाकारत नाही.

“याला शेपूट कुठंय?” बाबांनी डोळ्यांवर हात धरून विचारलं.

पुस्तकांत छापून आलेलं सांगायला हरकत नव्हती. उभं शेपूट रडारला आरशासारखं दिसतं म्हणून ते काढूनच टाकलंय, असं मी सांगितलं. इंजिनं पाठीत पुरलेली, म्हणजे त्यांची उष्णता खालून कळत नाही. कडा मोजक्याच दिशांना वळवलेल्या, म्हणजे रडारचा प्रतिध्वनी भलतीकडेच जातो. अमेरिकेच्या मधोमध असलेल्या तळावरून निघायचं, हवेतच इंधन भरायचं, अर्ध्या जगापलीकडे बॉम्ब टाकायचे आणि उतरायचं ते थेट घरी. चाळीस-चाळीस तास उडतं, दोघे वैमानिक आळीपाळीने झोपतात. मला बोलताना चेव चढला होता.

“आणि रडारच्या पडद्यावर?”

“पक्ष्याएवढं. बरेचदा तेवढंही नाही.”

“मग हे पाठवतात कशावर?”

“पहिल्या हल्ल्यात समोरच्याची रडारं उडवायची, बाबा. त्यांचे डोळे गेले की मागून बाकीची विमानं निर्धास्त जातात.”

हे आपण कुणाला सांगतोय, ते वाक्य संपल्यावर माझ्या लक्षात आलं. बाबांनी मान हलवली आणि नातीच्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली.

परतताना मुलगी मागच्या सीटवर झोपली. फ्रीवेवर गर्दी होती, गाडी रांगत होती. बाबा रस्त्याकडे बघत बोलायला लागले. एकाहत्तरच्या युद्धात ते सीमेजवळच्या एका लहानशा चौकीवर होते. त्या दिवशी सकाळची ड्यूटी त्यांची होती. पडदा कोरा होता. त्यांनी तसं लिहून ठेवलं आणि चहा मागवला. शत्रूची दोन विमानं वाळूला घासून येत होती, इतकी खाली की बाबांच्या यंत्राला ती दिसणंच शक्य नव्हतं. भोंगा वाजलाच नाही. स्वयंपाकाच्या तंबूवर बॉम्ब पडला. तीन जण गेले. त्यांतला चहा आणायला निघालेला अकोल्याकडचा होता. चौकशीत ठरलं, ऑपरेटरची काही चूक नाही. आईला त्यांनी यातलं कधी सांगितलं नव्हतं. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. मी लेन बदलली.

महिन्याभरात इराकवर हल्ला सुरू झाला. बगदादवर मोठा भडिमार झाला तेव्हा आमच्याकडे सकाळ होती. कँटीनमधल्या टीव्हीसमोर सगळे उभे होते. आमच्या विमानांनीही बॉम्ब टाकल्याचं नंतर बातम्यांत आलं. माझ्या शेजारी उभा असलेला सहकारी हळूच म्हणाला की सगळी परत आली म्हणजे झालं. मीही तेच म्हणत होतो मनात. फटी नीट भरल्या असतील ना, एवढीच मला काळजी होती.

मी त्या दिवशी लवकर घरी आलो. बाबा आवाज बंद करून टीव्ही बघत होते. जेवलेले नव्हते. ताटातली पोळी कडक झाली होती.

“तुझं पेंट यावरच असतं ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. नियम मोडला.

“तिथंही कुणीतरी ड्यूटीवर असेल. पडदा कोरा आहे म्हणून लिहीत असेल.”

“बाबा, तिकडचं सरकार कसं आहे ते तुम्हाला–”

“सरकारचं नाही बोलत मी. मला निदान सांगितलं तरी, की चूक तुझी नव्हती. त्याला सांगायला कोण उरणार?”

मी त्यांच्याजवळ बसलो. काम सोड असं ते म्हणाले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. चार दिवसांनी त्यांनी परतीचं तिकीट बदलून द्यायला सांगितलं. इथली हवा कोरडी आहे, श्वासाला त्रास होतो, असं कारण दिलं. बायकोने खूप आग्रह केला. मी केला नाही. एअरपोर्टवर त्यांनी नातीला जवळ घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रांगेत गेले.

त्यानंतर दर रविवारी फोन व्हायचा. तब्येत, पाऊसपाणी, नातीची शाळा. एकदाच त्यांनी विचारलं, “अजून तेच काम?” मी हो म्हणालो. “बरं,” म्हणाले. २००६च्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. मी पोचलो तोवर भावाने सगळं उरकलं होतं.

बाबांसाठी ती नोकरी सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ते गेल्यानंतरही दीड वर्ष मी तिथेच होतो, मधे एक बढतीही घेतली. मग आमचा विभाग दुसऱ्या राज्यात हलला, मुलीला शाळा बदलायची नव्हती, म्हणून मी इथल्याच एका चिप बनवणाऱ्या कंपनीत लागलो. जाताना मॅनेजरने हात मिळवला आणि सांगितलं की माझ्या सगळ्या वर्षांत आम्ही भरलेल्या फटींबद्दल एकही तक्रार आली नाही. मी थँक्यू म्हणालो आणि बॅज काढून त्याच्या टेबलावर ठेवला.