धाकूचं वळण

डबा धुऊन पालथा घातला की प्रमिलाला झोप येते, यात आजवर खंड पडलेला नाही. कड्यावरून समुद्रावर काढलेली काचेची गॅलरी दुपारी एक ते तीन तापते म्हणून बंद असते, दाराला साखळी असते, आणि सड्यावर, कड्यावरच्या त्या उघड्या माळावर, माणूस म्हणून कुणी फिरकत नाही. तिकिटाच्या खोलीत एक लांब बाकडं आहे. त्याच्या एका टोकाला बुटांवर चढवायच्या निळ्या कापडी पिशव्यांचा ढीग, दुसऱ्या टोकाला आडवी झालेली प्रमिला.

उशाला घ्यायला ती ओढणीची चुंबळ वळून बघते. डोक्यावर ओझं घेताना बायका खाली ठेवतात, तसली. दोन वेढे होतात, तिसऱ्याला सगळं सुटतं. पन्नाशीला आलेल्या बाईला चुंबळ वळता येत नाही, हे पाटखोल गावात कुणाला सांगायची सोय नाही. तिची आई, तारा, डावखुरी होती. तिची चुंबळ इतर बायकांच्या उलट, डावीकडून वळलेली असे आणि हातात धरली तर लाकडाचा ठोकळा वाटे. प्रमिला नऊ वर्षांची असताना ती गेली, त्यामुळे शिकायचं राहिलं ते राहिलंच. प्रमिला ओढणीची मुकाट्याने चौपदरी घडी करते, गालाखाली घेते आणि डोळे मिटते.

टेबलावर एक कागद आहे, त्यावर दगड ठेवलेला. वाटेचं काम बघणारे माने तीन वाजता येणार आहेत. त्याआधी सही करून ठेवायची, हे तिचं ठरलेलं आहे. पाच मिनिटं डोळा लागू दे, मग करते, असं ती स्वतःलाच सांगते.

ती वाट म्हणजे तिच्या बापाची करणी. धाकू चिरेखाणीत कामाला होता. दगड कळणारा गावात तो एकटा, म्हणून समुद्रावरून सड्यावर यायची पायऱ्यांची वाट गावाने त्याच्या हाती सोपवली. अर्ध्यापर्यंत त्याने ती झकास चढवत आणली. पुढे त्याच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. वर जायचं सोडून त्याने वाट समुद्राकडे फिरवली, कड्याच्या नाकापर्यंत चाळीस पावलं नेली आणि तिथून तशीच परत आणली. मासे घेऊन चढणाऱ्या बायकांना ऐंशी पावलांचा भुर्दंड. गाव तेव्हा हसलं ते आजपर्यंत हसतंय. कुणी बोलताना फार फिरवाफिरवी करायला लागला की म्हणतात, "धाकूच्या वळणान येव नको, सरळ बोल." शाळेत पोरांनी प्रमिलाला ह्यावरून रडकुंडीला आणलं होतं. आता पर्यटक घामाघूम होऊन वर येतात आणि विचारतात, ते वळण कुठल्या शहाण्याने घातलं हो? प्रमिला सांगते, "कोण जाणे."

माने वळण फोडून वाट सरळ करणार आहेत. सरळ वाट प्रमिलाच्या काजू लावलेल्या जमिनीतून जाते, म्हणून तिची संमती हवी. फोडलेले चिरे गाड्या लावायच्या जागेच्या पायऱ्यांना वापरतील. एकदा ते वळण गेलं की हसणंही जाईल. सही करायला एवढं कारण तिला पुरेसं आहे.

साखळी वाजते.

"बंद आहे," प्रमिला डोळे न उघडता म्हणते. "तीनला या."

"माका तीनपर्यंत कोण सोडता?"

खिडकीशी धाकू उभा आहे. त्याला जाऊन आठ वर्षं झाली. कमरेला पंचा, खांद्यावर टिकाव, भुवयांवर खाणीतली तांबडी धूळ. प्रमिलाला धक्का बसत नाही. तिला पहिली काळजी पडते ती त्याच्या टाचांची. इतक्या भेगाळलेल्या टाचांनी काचेवर ओरखडे उठतील. ती दोन निळ्या पिशव्या घेते, खाली बसते, त्याच्या पायांत चढवते आणि नाड्या बांधते. पाय कोरडे आहेत आणि उन्हात चालून आल्यासारखे गरम.

"घट नको," तो म्हणतो.

ती मान वर करते तेव्हा बाकडं काचेवर आहे. गॅलरीच्या अगदी टोकाला. दोन वर्षं इथे नोकरी करूनही प्रमिला तिसऱ्या काचेपुढे कधी गेलेली नाही. लोकांच्या बुटांना पिशव्या चढवायच्या आणि आपण दाराशी थांबायचं, हे तिने कुणाच्या लक्षात न येता निभावून नेलंय. आता तिच्या तळव्यांखाली नुसता उजेड आहे आणि त्याच्या खाली, खूप खाली, पाणी खडकावर चढून पांढरं होतंय. त्याचा आवाज वरपर्यंत पोचत नाही.

धाकू उकिडवा बसतो आणि काचेवर बोटाचं पेर वाजवतो. कान लावून ऐकतो.

"दगडाक बोट लावला तर दगड बोलता. ह्या मुक्या आसा."

"काच ती, बाबा."

"माणसा हयसर कित्याक येतत?"

"समुद्र बघूक."

"आणि बघतत?"

प्रमिला विचार करते. माणसं काचेवरून जपून जपून टोकापर्यंत येतात, कठड्याशी पोचली की गर्रकन फिरतात आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहतात.

"पाठ करून फोटो काढतत," ती म्हणते.

धाकू मान हलवतो. "डोक्यार काय एक नाय त्येंच्या," तो म्हणतो. "मान खय व्हयी थय वळता. तरी पाठ करतत."

काचेच्या कडेला चूल आहे. त्यांच्या घरातलीच, एक दगड खचलेली. माशांची कढी उकळतेय आणि तिरफळांचा वास येतोय. गॅलरीवर चूल पेटवायला परवानगी नाही, हे प्रमिलाला माहीत आहे, पण सांगायचं कुणाला. चुलीशेजारी तो कागद पडलाय.

"सही करतलस?" धाकू विचारतो.

"होय."

"कर. वाट तुझी आसा आता."

हे तो इतक्या साधेपणाने म्हणतो की प्रमिलाला राग येतो. आठ वर्षांचा नाही, चाळीस वर्षांचा.

"बाबा, तुमका येडो म्हणत, ता माका आयकूक लागला. शाळेत, बाजारात, माझ्या लग्नात सुदिक. ता वळण तुमी कशाक घातल्यात?"

"खाली बघ," तो म्हणतो.

खाली पहाट आहे. कड्याच्या सावलीत वाट ओली दिसते आणि वाटेवरून बायका चढतायत, एकीमागे एक. वरून त्यांची तोंडं दिसत नाहीत. दिसतात ते फक्त मासळीने भरलेले हारे, आणि हाऱ्यांच्या बुडाशी चुंबळींचे काठ. प्रमिला एकेक बघत जाते. पाचवी चुंबळ उलटी वळलेली आहे.

"आये," प्रमिला हाक मारते. हाक काचेला लागून तिच्याकडेच परत येते.

"ती वर बघूची नाय," धाकू म्हणतो. "डोक्यार हारो आसा. मान वळयली तर हारो गेलो. हारो आसलो की मान दगडाची. वाट दाखवीत ताच बघूचा. एकदा माका म्हणाली, दर्याच्या कानाक जल्मलंय, पण सकाळचो दर्यो कसो असता ता माका म्हायत नाय. काळोखात वाळूर उतरतंय. वर चढताना समोर कडो. मासळी इकून परत येतंय ता पुना काळोख. एवढाच म्हणाली. माझ्याकडे मागल्यान नाय काय."

प्रमिलाच्या कानामागून माशांचं गार पाणी ओघळतं. पायाखाली काच नाही, जांभा दगड आहे, खडबडीत आणि ओला, आणि डोक्यावर असं ओझं आहे की मानेचा एकेक मणका तिला कळतो. डोळ्यांसमोर हातभर अंतरावर कडा. त्यातली भोकं, शेवाळ, एक मुंगळा. एवढंच जग. पायरी चढली की पुन्हा तोच कडा. मागून बायकांचे आवाज येतायत. धाकूच्या नावाने बोटं मोडणं चाललंय, आता येईल त्याचं ते वळण, मेल्याला दुसरा धंदा नव्हता.

"वळ," धाकूचा आवाज येतो. ती वळते.

कडा बाजूला होतो आणि समोर समुद्र आहे.

खाली नाही, समोर. तिच्या भुवयांच्या उंचीवर आभाळाला टेकलेला, डावीकडून उजवीकडे सगळा. सूर्य कड्यामागे आहे, म्हणून कड्याची सावली पाण्यावर पडलीय, आणि सावली संपते तिथून उजेड सुरू होतो. ती एक पाऊल टाकते. सावलीची कड काठाकडे सरकते. दुसरं पाऊल टाकते, ती आणखी सरकते आणि तेवढा समुद्र उजळतो. तिला दुसरीकडे बघता येत नाही. बघायचंही नाही. दोन शिडं उजेडात आहेत आणि एक अजून सावलीत. तिच्या मागच्या बायका एकाएकी गप्प झाल्यात. कुणीच कुणाला शिव्या देत नाही, कुणी खोकतही नाही, फक्त अनवाणी पायांचा आवाज येतो. प्रमिलाच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आणि दोन्ही हात हाऱ्याला असल्यामुळे तिला ते पुसता येत नाही. तिचा जन्म ह्या समुद्राशेजारी गेलाय. इतका मोठा तो तिने कधी पाहिला नव्हता.

चाळीस पावलं होतात. कड्याच्या नाकावर ती पोचते तेव्हा तिसरं शिडही उजेडात येतं.

ती काचेवर, बापाशेजारी बसलेली आहे. कढी उतरवून ठेवलीय.

"तुमी सांगल्यात कशाक नाय?" ती विचारते.

"बायलेक दर्यो दिसूक म्हणान वाट वाकडी केली, असा सांगला असता तर गावान तिका जगाक दिला नसता. माका येडो म्हटल्यानी, ता बरा झाला."

"तिका कळला?"

"पयल्याच दिवशी. बोलली काय नाय. पण त्या दिसापासना कढयेतली मोठी तुकडी माझ्या ताटात."

ती तुकडी प्रमिलाला आठवते. आपल्याला शेपटीकडचं आणि बाबांना मधलं, म्हणून ती रुसून न जेवता उठायची, आणि आई एरवी सगळे हट्ट पुरवायची पण तेवढा कधी पुरवला नाही. लाजेने तिचे कान तापतात.

"बाबा, लोका इचारतत तेव्हा मी सांगतंय, कोण जाणे."

"आयकलंय," तो म्हणतो. त्यात राग नाही. म्हणूनच ते तिला जास्त लागतं.

तो पायांतल्या पिशव्या काढतो, झटकतो, एकात एक घालून तिच्या हातात देतो. "ठेव. दुसऱ्यांक लागतली." मग तिच्या डोक्यावर हात ठेवतो. बोटं चिऱ्यासारखी खरखरीत आहेत. "आणि ह्या धर नीट. तुझ्या आवशीचा आसा."

साखळी वाजते.

"ताई? ओ ताई?"

दाराशी माने उभे आहेत. तीन वाजून दहा मिनिटं झालीत. कराडकडचे सरळमार्गी गृहस्थ, बाईमाणूस झोपलंय म्हणून आत न येता बाहेरूनच साखळी वाजवतायत. प्रमिला उठून बसते. गालावर गोल वळ उमटलाय. तिचा हात तिथे जातो आणि मग उशाकडे.

चौपदरी घडी नाही. ओढणीची चुंबळ झालीय. ती उचलून बघते. ठोकळ्यासारखी घट्ट, टोक आत खोचलेलं, आणि वेढे डावीकडून.

"झाली का सही?" माने विचारतात. "उद्या सकाळी फोडायला माणसं येतायत."

प्रमिला कागदाकडे बघते. त्याच्यावरचा दगड तसाच आहे. ती तो हलवत नाही. कोपऱ्यात पाण्याचा अर्धा भरलेला जार असतो, तो मान्यांच्या हातात देते.

"एवढा घ्या आणि माझ्याबरोबर खाली चला."

"कशाला?"

"चला तर."

दोघं वळणाच्या खालपर्यंत उतरतात. तिथे ती मान्यांना कड्याकडे तोंड करून उभं करते, चुंबळ त्यांच्या डोक्यावर ठेवते आणि वर जार. माने ओशाळे हसतात, पण दोन्ही हातांनी जार धरतात.

"मान वळवायची नाही," ती म्हणते. "वळवलीत तर जार पडेल. वाट जाईल तसं जायचं."

माने चढू लागतात. दहाबारा पायऱ्या नुसता कडा असतो, मग वाट फिरते आणि तिच्याबरोबर तेही फिरतात. त्यांच्या मागून चालताना प्रमिला पावलं मोजते. आता सकाळ नाही, तीनचं ऊन पाण्यावर पसरलंय. माने काहीतरी बोलत होते, ते अर्धवटच राहतं. चाळीसाव्या पावलाला माने कड्याच्या नाकावर येतात आणि थांबतात. परत फिरायचं ते विसरतात. चुंबळ एका वेढ्यानेही सैल झालेली नाही.

"ताई," मान समोर ठेवूनच ते हळू विचारतात, "हे वळण घातलं कोणी?"

"माझ्या बाबांनी," प्रमिला म्हणते. "धाकूने. माझ्या आईसाठी."