रिकामा डबा परत देत नाहीत

माझ्या दुर्गेशमामाचं बेसा रोडवर मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली जळलेली मोटर कोणी घेऊन आलं की मामा आधी तिच्याजवळ नाक नेतो, डोळे मिटतो आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणतो, "हं. हिले तीन दिवसांपासून ताप होता. काहून नाही आणलं लवकर?" गिऱ्हाईक असं ओशाळतं, जसं काही पोरगंच आजारी पाडलं त्यानं.

या माणसाला दोन वर्षांपूर्वी जिओकॅशिंगचा नाद लागला. खेळ सोपा आहे. कोणीतरी एक डबी लपवायची, तिची नेमकी जागा मोबाइलच्या अ‍ॅपवर टाकायची. अनोळखी लोक मोबाइल बघत बघत तिथवर येतात, डोकं खाजवतात, डबी शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबी होती तशी ठेवून जातात. बक्षीस काही नाही. "मग जातात कायले?" हा गोपिकामामीचा प्रश्न. "तू बर्डीच्या बाजारात काहीच घ्यायचं नसताना चार तास कायले फिरते?" हे मामाचं उत्तर. त्या दिवशी मामाला चहा उशिरा मिळाला.

शोधण्यापेक्षा मामाला लपवण्यात जास्त मजा यायची. त्याच्याकडे भंगाराची काय कमी? मेलेला कपॅसिटर पोकळ करून त्यानं दुकानाच्या पाटीमागे टांगला, आत चिठ्ठी. शेजारच्या नर्सरीवाल्याला विचारून त्याच्या कुंड्यांत एक खोटा नळ बसवला. पाणी येत नाही म्हणून चिडून जो तोटी पूर्ण काढेल, त्यालाच डबी. एकदा बर्डीवर रेलिंगला खोटा बोल्ट लावायचं त्याच्या डोक्यात आलं, तेव्हा मामी म्हणाली, "लाव ना. तू चिठ्ठी लपव, मंग पोलीस तुले लपवतीन." तो बेत तिथंच बारगळला.

अशा अकरा जागा होत्या. पण मामाचा जीव एकीतच होता. ती नरखेड तालुक्यात, आमच्या गावाजवळ, महादेवरावांच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर. तिथं त्यानं एक जुनी, आतून रिकामी केलेली मोटर सिमेंटच्या ओट्यावर ठेवली होती. मागचं पंख्याचं झाकण फिरवलं की निघायचं आणि आत स्टीलचा छोटा डबा. सहा महिने झाले, तो डबा कोणालाच सापडला नव्हता. मामा रोज अ‍ॅप उघडायचा, शून्य बघायचा, बंद करायचा.

एप्रिलमध्ये एकदम दोन निरोप आले. पहिला कुणा एकाचा, "शोधलं, नाही मिळालं." दुसरा अकोल्याच्या रितिका आणि रोहित या जोडीचा, "एक तास शोधलं. मोटर उघडली, आत काही नव्हतं. मग एक काकाजी काठी घेऊन आले. आम्ही पळालो." त्याखाली अ‍ॅपचं काम बघणाऱ्या स्वयंसेवकाची सूचना होती. पंधरा दिवसांत जागेवर जाऊन बघा, जमीनमालकाची परवानगी आहे याची खात्री करा, नाहीतर ही जागा बंद करावी लागेल.

मामाचा चेहरा जळलेल्या मोटरसारखा झाला.

"परवानगी तर घेतली होती ना?" मी विचारलं.

"घेतली होती ना. म्हटलं, काकाजी, ही जुनी मोटर ओट्यावर ठेवू का? ते म्हणाले, ठेव."

"आणि डब्याचं? लोक येतील त्याचं?"

मामा पक्कड पुसायला लागला. पक्कड स्वच्छच होती.

रविवारी आम्ही दोघं पहाटेच मोटरसायकलनं निघालो. काटोल मागे पडेपर्यंत मामा हेल्मेटच्या आत पाठांतर करत होता. "काकाजी, असा एक खेळ असते जी... नाही. काकाजी, मोबाइलमध्ये एक नकाशा असते..." मी मागून म्हटलं, "सरळ सांग ना, डबा लपवला म्हणून." तो म्हणाला, "तू नको शिकवू वं मले. ते महादेवराव आहेत."

महादेवराव विहिरीजवळ बाजेवर बसले होते. काठी बाजूलाच. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण आवाज असा की बागेतले पोपट उडावेत.

"ये गा दुर्गेश! बरं झालं आला. मोटरचोर फिरून राहिले इकडं. परवा एक पोट्टा अन् एक पोट्टी. दिवसाढवळ्या! पोट्टी तर पाइपाखाली हात घालून चाचपडून राहिली होती. मी म्हटलं, काय पायजे? तर म्हणते, काही नाही काकाजी, असंच. असंच? असंच कोणी पाइप चाचपडते?"

मामानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा विहिरीकडे. मग सगळं सांगून टाकलं. पाठ केलेलं एक वाक्य त्यात नव्हतं. महादेवराव ऐकत राहिले, आणि काठी हळूहळू मांडीवर आली.

"म्हणजे माह्या वावरात, मले न सांगता, तू अख्ख्या दुनियेले बोलावलं?"

"चुकलं जी."

"उद्या कोणी विहिरीत पडलं तर? उचल ते तुझी मोटर अन् ने."

मामा वळला. ओट्यापाशी गेला आणि झाकण फिरवलं. आत खरंच काही नव्हतं. तो तसाच उकिडवा बसून राहिला, रिकाम्या मोटरमध्ये हात घालून. मला पहिल्यांदाच त्याच्यावर एकही विनोद सुचेना.

तेवढ्यात घराकडून तुळसाबाई आल्या, महादेवरावांच्या पत्नी. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी मामाला बघितलं आणि तांब्या वरच्या वर राहिला.

"अगं बाई, डबा न्याले आला का गा? थांब, वड्या अजून कच्च्या हायेत."

"कोणता डबा, काकू?"

"तुह्याच. तीन आठवडे झाले, बकरी बांधली होती या मोटरले. तिनं हिसका देला, झाकण पडलं, अंदर डबा. म्हटलं, दुर्गेश आपला जेवणाचा डबा इसरून गेला. धुतला, पुसला, फळीवर ठेवला."

"तीन आठवडे?" मी विचारलं.

"मंग? कोणाचा डबा रिकामा परत देत असते का? मुगवड्या घातल्या तर आभाळ आलं, साऱ्या बुरसल्या. परत घातल्या. वाळल्याशिवाय भरू कशी?"

मामा आधी हसला. मग एकदम थांबला. "काकू, आत वही होती एक."

"हाय ना. लिहिलेलं होतं काही, म्हणून देवाजवळ ठेवली. माह्या चष्म्याची काडी तुटली, अन् हे तर वाचतच नाहीत." त्यांनी जाऊन वही आणली आणि माझ्या हातात दिली. "वाच बरं तू. काय लिहिते आमचा दुर्गेश, पाहू."

मामा "नको, राहू द्या" म्हणेपर्यंत मी पहिलं पान उघडलं होतं. वाचायला लागले, ते अर्थातच मामाच्या आवाजात, नाक मोटरजवळ नेल्यासारखं करून.

"ज्याले हा डबा सापडला त्याले नमस्कार. तुम्ही ज्या मोटरमध्ये हात घातला ती मी दुरुस्त केलेली पहिली मोटर आहे. तेव्हा मी बारावी नापास होऊन बांधावर बसलो होतो. महादेवरावांची मोटर जळली. ते काटोलला नेऊ शकत होते. त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाले, खोलून तर पाह. जळलेली मोटर आणखी किती जळणार?"

तुळसाबाई हसल्या. मी पुढं वाचलं.

"सहा दिवस मी तांब्याच्या तारेचे वेढे मोजले. सातव्या दिवशी सारं गाव विहिरीवर आलं. मी बटण दाबलं. मोटर फिरली, पण पाणी आलं नाही. ती उलटी फिरत होती. मले ते समजलंच नाही. काकाजी म्हणाले, थांबा, फ्यूज पाहतो, अन् खोलीत गेले. तिथं त्यांनी दोन तारा अदलाबदल केल्या. बाहेर येऊन म्हणाले, दाब आता. पाणी आलं. ते साऱ्यांना म्हणाले, पोरानं केली बरं का मोटर."

इथपर्यंत येता येता मामाचा आवाज माझ्या तोंडून कधी गळून पडला, मला कळलं नाही. शेवटची ओळ मी माझ्याच आवाजात वाचली.

"तारा बदललेल्या मले दुसऱ्या दिवशी दिसल्या. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, म्हणून आज माझं दुकान आहे. मले त्यांच्या तोंडावर बोलता येत नाही. तुम्ही इथवर आलाच आहात, तर त्यांना माझ्याकडून राम राम सांगा."

बाजूला बकरी रवंथ करत होती. महादेवरावांनी काठी बाजेखाली सारली.

"मले वाटलं, तुले मालूमच नाही," ते म्हणाले.

"बावीस वर्षांपासून मालूम आहे जी."

"मंग सांगायचं ना, लेका. त्यासाठी अकोल्याहून माणसं बोलवा लागते का?"

आणि मग घसा खाकरून पुन्हा पोपट उडवणाऱ्या आवाजात, "विहिरीले जाळी बसवू. ते झालं की ठेव तुह्या डबा. अन् कोणी आलं तर काठी घ्याची का पाणी, तेवढं मले सांगून ठेव."

मामानं पेन्सिल काढली आणि वही तुळसाबाईंपुढं धरली. डबा सर्वांत आधी सापडला तो त्यांनाच, तेव्हा पहिलं नाव त्यांचं. त्यांनी वेळ घेऊन, एकेक अक्षर दाबून लिहिलं. मग म्हणाल्या, "वड्या वाळल्या की भर त्यात." मामानं समजावलं, या डब्यात खायचं ठेवायचं नाही असा नियम आहे, मुंग्या येतात. त्यांना तो नियम अजिबात पटला नाही. "रिकामाच ठेवता? शोभते का?" शेवटी तोड निघाली, की ज्याला डबा सापडेल त्यानं घरी यायचं, वड्या घरून न्यायच्या.

विहिरीला जाळी बसली. मामानं अ‍ॅपवर तसं कळवलं, मालकाच्या परवानगीसह, आणि ती अकोल्याची जोडी परत आली. आम्ही दुकानात होतो. महादेवरावांचा फोन आला, आणि त्या माणसाला कुजबुजता येत नाही हे मला तेव्हा कळलं.

"आले गा! पोट्टं जाळीतून विहिरीत पाहून राहिलं. पोट्टी हुशार दिसते. सांगून देऊ का?"

"नाही जी काकाजी, खेळ असते तो."

"उन्हात भाजून राहिले ना बिचारे! मी फक्त खोकलतो मोटरकडे पाहून." आणि असा खोकले की दुकानातला पंखा हलला.

मग पलीकडून पोरीची किंकाळी, हसणं. आता ते वहीचं पहिलं पान वाचत असणार. मग एक अनोळखी, थोडा अडखळलेला आवाज लांबून ऐकू आला, "काकाजी, दुर्गेशभाऊंनी राम राम सांगितला आहे." त्यामागून तुळसाबाई, "पहिलं नाव माह्यं हाय, पाहिलं का? चला घरी."

मामानं फोन ठेवला आणि पाठ फिरवून टेबलावरची मोटर चालू केली. ती अगदी सुलटी फिरत होती. तरी त्यानं ती तीनदा बंद करून परत लावली.