मेलेला रोही कोणत्या सूचीत?

आमच्या शाळेतले नागरिकशास्त्राचे सर कुठल्याही गोष्टीवर आधी एकच विचारायचे, "विषय कोणाचा?" संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची, म्हणजे केंद्राचं काय, राज्याचं काय आणि दोघांचं मिळून काय, या तीन याद्यांत त्यांना सगळं जग बसवता यायचं. मुलं पाठीमागे त्यांना सूचीसर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं.

घरीही तोच कारभार. "पोरीचं लग्न समवर्ती हाय मॅडम," ते मला एकदा म्हणाले, "दोघायचं जमलं नाई तं केंद्राचं चालते. आन् आमच्या घरी केंद्र म्हणजे तुमच्या काकू." काकू आतून ओरडल्या, "मंग चहा कोणाच्या सूचीत हाय जी? उठा आन् मांडा!" सर हसत उठले आणि चहा मांडला.

शिकवताना मात्र त्यांना चेष्टा खपत नसे. अधिकार वाटून दिलेत ते भांडायला नव्हे, कुठलंही काम बेवारस राहू नये म्हणून, असं ते जीव तोडून सांगत. "या देशात असं एकबी काम नाई, ज्याले धनी नाई!" शेजारच्या वर्गात गणित शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी भिंतीपलीकडून ऐकलं. मला ते पटायचंही.

आमची शाळा लाखनीच्या अलीकडे, हायवेला लागून. एका सकाळी फाटकासमोर रस्त्याच्या कडेला रोही मरून पडलेला दिसला. रोही म्हणजे नीलगाय, आणि हा तर घोड्याएवढा नर. ट्रकनं उडवला असणार. पहिल्या दिवशी मुलं बघायला धावली. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट फुगलं. तिसऱ्या दिवशी खिचडी वाढली आणि पाचवीची अर्धी पंगत ताटातच ओकली.

"घाबरू नका मॅडम, धनी सापडते," म्हणून सर स्कूटर घेऊन निघाले. महामार्गवाले म्हणाले, रस्ता आमचा, जनावर आमचं नाही. वनखात्याचा माणूस म्हणाला, प्राणी आमचा, पण पडलाय केंद्राच्या हद्दीत, त्यांचं पत्र आणा. ग्रामपंचायत म्हणाली, साफसफाई गावातली आमची, हायवेची नाही. दोन दिवस हेच. सर परत आले ते स्टाफरूममध्ये भिंतीकडे बघत बसले. "तिघंबी बरोबर बोलून राहिले, मॅडम," ते म्हणाले. "मी वर्गात शिकवतो तेच बोलून राहिले." त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

पाचव्या दिवशी कुत्र्यांनी त्याचं आतडं ओढत मैदानात आणलं. अळ्या फाटकाच्या आत आल्या. मुख्याध्यापक रजेवर गेले. सरांनी शेवटी शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर मागून आणला, नाकाला दुपट्टा बांधला आणि स्वतःच्या हातांनी त्या सडक्या पायांना दोर बांधला. शाळेमागच्या पडीक जागेत खड्डा खणून त्यांनी रोही पुरला. मी खिडकीतून नाक दाबून बघत होते. मदतीला गेले नाही, याची आजही लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी तीन गाड्या आल्या. पाच दिवस ज्यांना फाटक सापडलं नव्हतं, ते सगळे एकदम आले. एक म्हणाला, उचलला ती जागा महामार्गाची. दुसरा म्हणाला, वन्यप्राणी सरकारी मालमत्ता आहे, पंचनाम्याशिवाय पुरलाच कसा? तिसऱ्याला ना-हरकत दाखला हवा होता. खड्डा उकरून त्यांनी रोही पुन्हा वर काढला, फोटो घेतले, पंचनामा केला आणि सरांवर केस केली. वर त्यांना चहा हवा होता. तो मीच करून दिला. त्या कपांकडे आजही बघवत नाही मला. अधिकार गाजवायला तिघं, आणि घाण उचलायला एक म्हातारा मास्तर. थू!

त्यानंतर भिंतीपलीकडून ते वाक्य ऐकू आलं नाही. सर धडा शिकवायचे, तक्ता फळ्यावर काढायचे आणि तास संपायच्या आधीच खडू ठेवून द्यायचे. निवृत्त झाले तरी इस्त्रीचा सदरा घालून तारखांना जात राहिले. तारखेमागून तारखा पडत गेल्या. मागच्या वर्षी एका सकाळी अंगणात बसल्या जागी ते गेले.

तेरवीच्या दिवशी मी काकूंजवळ बसले होते. दारात पोलीस शिपाई आला. हातात सरांच्या नावाचं समन्स होतं. आत फोटोला हार बघून तो बिचारा चपापला. पुढच्या तारखेला का येणार नाहीत, त्याचं कारण लिहून द्या, म्हणाला.

काकू उठल्या, पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, "ते गेले जी. सकाळी गेले, आन् दुपारी चार वाजेपर्यंत गावानं खांद्यावर नेलंबी. कोणाचं पत्र आणलं नाई, पंचनामा केला नाई. आता माह्यावर केस करता का?"